पायाखालची माणसं

पहिला लॉकडाऊन उठल्यावर नवरा मला नेदरलँड्समधल्या लायडन शहरातलं एक मध्ययुगीन चर्च दाखवायला घेऊन गेला. तिथल्या स्वयंसेवक बाईंनी मास्कमधूनच कौतुकाने सांगितलं, की छत लाकडाचं आहे, कारण इथली जमीन इतकी भुसभुशीत, की दगडी छताच्या वजनाने सगळं चर्चच खचलं असतं. मी मान वर करून बघतच राहिले. मग खाली पाहिलं. सबंध फरशी म्हणजे थडगीच होती. नावं कोरलेले दगड, त्यांवर लोकांचे बूट, आणि एका नावावर तर कुठून जायचं ते दाखवणारा पिवळा बाण चिकटवलेला.

"श्रीमंतांना आतच पुरायचे," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात इतका वास यायचा, की प्रार्थनेला बसवत नसे."

शी! ज्या जमिनीला छत पेलवत नाही, तिच्यात माणसं कोंबायची आणि वर बसून देवाचं नाव घ्यायचं!

दाराशी सॅनिटायझर होतं. मी ते बुटांच्या सोलला खसाखसा चोळलं.

"हातांना लावायचं असतं," बाई हसून म्हणाल्या.

"आमच्याकडे मेलेल्या माणसाला पाय लावत नाहीत," मी फणकारले.

पुढच्या वर्षी पुण्यात काका कोविडने गेले. चुलतभावाने स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला. पीपीई किट घातलेला एक माणूस जमिनीवर ओळीने ठेवलेले देह ओलांडत काकांकडे येत होता. एकाला त्याचा पाय लागला. तो थांबलाही नाही.

मी इथे खुर्चीवर दोन्ही पाय वर घेतले.