माळशेजचा उतार

गॅरेजमध्ये ब्रेकच्या लायनरचा जळका वास आला आणि माझे पाय आपोआप ताठ झाले.

वीस वर्षांपूर्वी जुनी जीप घेतली आणि बायको-पोरीला माळशेज दाखवायला निघालो. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची, ही आमच्या जुन्नरकडची अक्कल मीही वापरली. तिसऱ्या वळणावर सारखे दाबून तापलेल्या ब्रेकचा असाच वास सुटला आणि ते लागेचनात.

"अवो, हळू घ्या की," बायको म्हणाली. मागं सहा वर्षांची पोर टाळ्या पिटत होती. "पप्पा, लई भारी. अजून जोरात."

मी डोंगराकडच्या मातीच्या ढिगात जीप घुसवली आणि मुद्दामच थांबवली, अशी थाप मारली.

पोरगी ती सहल अजून रंगवून सांगते. आता ती गाडी शिकतेय. काल म्हणाली, "घाट मात्र मी तुमच्यासारखाच उतरणार."

खरं सांगायची हिंमत कालही झाली नाही. मी नुसता हसलो.