यल्लातला 'य'

मी क्रिकेटर झालो तो चुकून, हे आधीच सांगून टाकतो.

रियाधला अल सुलैच्या एका गोदामात मी ट्रक चालवायचो. गोदामामागं खडीचं मोकळं मैदान होतं. तिथं शुक्रवारी सकाळी आपले लोक खेळायचे. बँकवाले, कॉम्प्युटरवाले, सगळे शिकलेले. मी चौथी नापास. एकदा त्यांचा बॉल आमच्या भिंतीच्या आत आला. मी ट्रक धूत होतो, तसाच ओल्या हातानं उचलून फेकला. फेकला होता कीपरकडं, लागला स्टंपाला. तोही मधल्या. त्यांचा कॅप्टन पळत भिंतीशी आला. पुण्याचा, बँकेत मोठा साहेब.

"भाऊ, कुठून खेळलात तुम्ही?"

"इथूनच, भिंतीपलीकडून."

त्याला वाटलं मी विनयानं बोलतोय. लगेच टीममध्ये घेतलं. पुढं तीन वर्षं खेळलो, पण मी फेकलेला बॉल परत कधी स्टंपाला लागला नाही. माझ्या स्टंपाला मात्र दर शुक्रवारी कुणाचा तरी लागायचा.

बॅटिंगला मला दहावा पाठवायचे. अकरावा आमचा एक अकाउंटंट. चष्मा काढला की त्याला बॉल दिसायचा नाही, आणि चष्मा फुटेल म्हणून तो घालायचा नाही. त्याच्यापेक्षा मी बरा, एवढाच माझा मान. पण मला तो पुरायचा. आठवडाभर गोदामात सगळे मला "ए ड्रायव्हर, यल्ला, माल उतरव" करायचे. आणि शुक्रवारी पांढरी पँट घातली की हे शिकलेले लोक टाळ्या वाजवून म्हणायचे, "वेल लेफ्ट, भाऊ!" म्हणजे काय छान सोडला बॉल. खरं तर मी तो सोडलेला नसायचा, मला तो दिसलेलाच नसायचा. पण टाळ्या वाजतायत म्हटल्यावर कशाला सांगा?

आमची टीम म्हणजे सगळा कालवा. कीपर केरळचा, तो रन घ्यायला "ओडिक्को" ओरडायचा. बॉलर हैदराबादी, तो "भागो मियां". कॅप्टन "या या", आणि मी घाबरून नुसतं "अहो". त्यात दर शुक्रवारी कुणीतरी रनआउट व्हायचं. मग एकदा मी अक्कल पाजळली. म्हटलं, साहेब, अरबीत ओरडू या, ती सगळ्यांना येते. पळायचं असेल तर "यल्ला", म्हणजे चला. नसेल पळायचं तर "ला", म्हणजे नाही. आहे की नाही सोपं?

कॅप्टनला इतकं आवडलं की त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. फक्त हैदराबादी बॉलर गोंधळला. "ला? क्या लाऊं?"

शिकलेल्या माणसांनी माझं ऐकल्याची ही पहिली वेळ. आणि शेवटचीही.

कारण मैदानात वारा. अल सुलैचा वारा म्हणजे नुसती हवा नाही, त्यात वाळू असते, ट्रकचे हॉर्न असतात. तो 'यल्ला'तला 'य' खाऊन टाकायचा. माझ्यापर्यंत पोचायचं नुसतं "ला". आता हा पळ म्हणतोय की पळू नको म्हणतोय? एका महिन्यात मी तिघांना रनआउट केलं.

मग एका गुरुवारी कॅप्टननं मला बोलावलं. पुण्याचा माणूस जितका चिडतो तितका गोड बोलतो. त्या दिवशी तो फारच गोड बोलत होता.

"भाऊ, एक नवीन मुलगा येतोय. कॉलेजच्या टीममधून खेळलेला. त्याला घ्यायचं तर कुणालातरी बसवावं लागेल."

"बसवा की. मी सरकतो थोडा."

"तसं बसवणं नव्हे, भाऊ."

मग कळलं. "उद्याची मॅच बघू," एवढं बोलून तो गेला. मी पहिल्यांदाच मनापासून घाबरलो. ट्रक गेला असता तर कफीलनं, म्हणजे आमच्या अरबी मालकानं, दुसरा दिला असता. शुक्रवार कोण देणार?

घरी फोन लावला. बायको म्हणाली, "मग त्यात काय! तुम्ही काही करू नका. नुसते उभे राहा. लग्नात उभे होता तसे."

"लग्नात बॉल येत नव्हता."

"अक्षता येत होत्या ना? तेव्हाही डोळे मिटलेच होते तुम्ही."

मॅच रत्नागिरीच्या पोरांशी होती. कुणी टेलर, कुणी लाँड्रीवाला, कुणी मेस चालवणारा. त्यांना जुम्म्याच्या नमाजाला जायचं असायचं, म्हणून मॅच उन्हं वर यायच्या आत संपवावी लागायची. मी आत गेलो तेव्हा जिंकायला चार रन हवे होते. समोर कॅप्टन, अठ्ठेचाळीसवर. माझं काम एकच, बायकोनं सांगितलेलं. उभं राहणं.

कॅप्टननं बॉल कव्हरला ढकलला आणि ओरडला. वाऱ्यातून माझ्याकडं आलं, "...ला!"

मी तिथं जागेवर विचार केला. ही माझी मोठी चूक, मी विचार करायला नको होता. म्हटलं, हा पुण्याचा माणूस, नाही म्हणायला एवढा कशाला ओरडेल? नाही तर तो हळूच म्हणतो. म्हणजे हे यल्लाच. आणि सुटलो.

पोचलो, बॅट टेकवली, वर बघतो तर कॅप्टन शेजारीच उभा. हललेलासुद्धा नाही.

"भाऊ, तुम्ही इथं कसे?"

"तुम्हीच बोलावलं ना?"

"मी ला म्हटलं होतं."

"अगोदरचा य मी धरला, साहेब."

तिकडं रत्नागिरीची पोरं हसून खाली बसली होती. फिल्डरला बॉल उचलवेना. मी परत पळायला वळलो, तर कॅप्टन म्हणाला, "राहू द्या, तुम्ही दमलात," आणि स्वतःच दुसऱ्या टोकाकडं धावला. अर्ध्यावर असताना कुणीतरी हसत हसत बॉल टाकला, स्टंप पडले. अठ्ठेचाळीसवर आउट. जाता जाता मला म्हणाला, "वेल रन." इतका गोड आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

अकाउंटंट आत आला. मी ठरवलं, आता एक चौकार मारून सगळं फेडायचं. डोळे मिटून बॅट फिरवली. मागं स्टंप उडाल्याचा आवाज आला. त्यातलं एक अक्षरसुद्धा वाऱ्यानं खाल्लं नाही.

मॅट गुंडाळताना कॅप्टन जवळ आला. "भाऊ, आता काही शुक्रवार तुम्ही आराम करा." काही म्हणजे सगळे, हे चौथी नापासालाही कळतं. मी म्हटलं, "बरं साहेब," आणि पॅड सोडायला बसलो. पट्टा काही केल्या सुटेना. मी बकलला शिव्या घालत होतो.

तेवढ्यात रत्नागिरीवाल्यांचा कॅप्टन आला. लाँड्रीवाला, दांडगा गडी, डोळे अजून हसून ओले. त्यानं वाकून माझा पट्टा सोडवला.

"काय रे भाऊ, काढला तुला?"

"आराम करायला सांगितलंय."

"आमच्याकडं ये. आम्ही सरळ मराठीत ओरडतो. धाव आणि थांब. वाऱ्याच्या बापाला खाता यायचं नाही."

पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्याकडून उतरलो. वारा अजिबात नव्हता. तोच लाँड्रीवाला समोर. त्यानं बॉल मारला आणि अख्ख्या सुलैला ऐकू जाईल असा ओरडला, "थांब!" अस्सल मराठीत, सगळी अक्षरं जागेवर.

आणि मी निघालो.

अर्ध्यावर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की बिचाऱ्या अरबीचा काही दोष नव्हता. माझे पाय कुठल्याच भाषेत ऐकत नाहीत. माझ्या टोकाचे स्टंप पडले, मी आउट. लाँड्रीवाला बॅट खांद्यावर टाकून माझ्याजवळ आला.

"थांब म्हटलं ना मी?"

"ऐकलं."

"मग?"

"ऐकलं तेव्हा मी निघालो होतो."

तो तिथंच पिचवर बसून पोट धरून हसायला लागला. मी पँट झटकली आणि मीच म्हटलं, "पुढच्या शुक्रवारपासून आराम करू ना?"

"आराम कसला, येड्या?" तो डोळे पुसत म्हणाला. "आम्ही दहाच जण आहोत. वेळेवर ये."