खिशातली विळी

फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून संत्रं सोलत होते. फोन नागपूरचा होता. माझी सून स्वाती नुसती "हो… हो दादा… हो" म्हणत होती, आणि तिच्या पाठीकडे बघूनच मला कळलं की तिची आई, माझ्या विहीणबाई मालतीताई, गेल्या. त्याला आता सहा आठवडे होतील. तेव्हापासून माझे पाय एका जागी ठरत नाहीत. बसले की उठते, उठले की कशाला उठले ते विसरते, आणि मग खिडकीतला तो नारिंगी मुठीचा चाकू उचलून उघडत, मिटत राहते. खट्… खट्. माझा मुलगा अनिरुद्ध म्हणतो, "आई, त्या चाकूला जरा सुटी दे ना यार." सुटी कसली द्यायची? ज्यांचा चाकू होता त्यांनीही कधी दिली नाही.

मालतीताईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती मुलांच्या लग्नात, नागपुरात. मी वरमाय. पुण्याहून जरीचं लुगडं आणि त्याहून कडक चेहरा घेऊन गेले होते. तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते, म्हणजे कसलीच अक्कल नव्हती. विहिणीच्या पंगतीला बसले आणि पाहते तर माझ्या ताटाभोवतीची रांगोळीची महिरप माझ्या जाऊबाईंच्या महिरपीपेक्षा लहान! मी पोळीला हात लावला नाही. आज त्या चोपन्न वर्षांच्या वरमायेला भेटले तर तिच्याच ताटातली जिलबी उचलून तिच्या तोंडात कोंबेन. मालतीताईंना मात्र एका नजरेत कळलं. रांगोळीची वाटी घेऊन त्या खाली बसल्या आणि माझ्या ताटापासून थेट भिंतीपर्यंत वेलबुट्टी काढत नेली. "आता पुरे का जी ताई, की पुण्यापर्यंत नेऊ?" सारी पंगत हसली. मला राग आला, पण एक गोष्ट लक्षात राहिली. त्या बाईंची रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत कुठे हलली नव्हती.

पुढे माझे यजमान गेल्यावर मी अनिरुद्धकडे अमेरिकेत चँडलरला आले ती इथलीच झाले. मालतीताई दर हिवाळ्याला येत. दोन विहिणी एका स्वयंपाकघरात… लोक माझ्या मुलाची कीव करायचे. आम्ही भांडायचोही, चिंच-गुळावरून, वरणाच्या फोडणीवरून. पण दोन हजार तीन सालच्या हिवाळ्यात त्या आल्या तेव्हा भांडायला उभ्याच राहीनात. उजवा हात कापत होता. चहाचा कप बशीवर वाजायचा, आणि वाजू नये म्हणून त्या कप धरून बसायच्या, चहा निवून जाईपर्यंत. आल्यावर पहिल्याच आठवड्यात कांदा चिरताना सुरी सटकली, डाव्या अंगठ्याला टाके पडले. स्वातीनं त्याच संध्याकाळी सगळ्या सुऱ्यांचा लाकडी ठोकळा उचलून फ्रिजच्या माथ्यावर ठेवला. बिचारी घाबरली होती, तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. ऑफिसला जायच्या आधी ती दोन डबे भरून ठेवी, सफरचंदाच्या फोडी, वर प्लास्टिकचा छोटा काटा. एक डबा आमच्या चार वर्षांच्या नातीचा, मीराचा, एक मालतीताईंचा. मीराच्या डब्यावर बदक होतं, ह्यांच्या डब्यावर ससा.

"मी पाहून राहिले," एकदा बागेतल्या बाकावर बसून त्या म्हणाल्या, "मीराचा डबा पुढल्या वर्षी बंद होईल. ती मोठी होईल ना जी. माझा काहून बंद होईल?" त्यांनी ससा उघडलाच नाही. मग म्हणाल्या, "ताई, मला एक चाकू घेऊन द्या. घडीचा. माझा."

मी अर्थातच शहाणपणा शिकवला. टाके, डॉक्टर, स्वाती, झालंच तर ते जुळे मनोरे पडल्यानंतरचे दिवस… विमानतळावर माझ्या शिवणाच्या डबीतली बोटभर कात्रीसुद्धा काढून घेतली होती, रस्त्यात लोक आमच्याकडे दोनदा वळून बघत. चाकू विकत घेणाऱ्या दोन लुगडंवाल्या म्हाताऱ्या! माझ्या डोळ्यांपुढे पेपरातला फोटोच आला. माझं बोलून संपेपर्यंत त्या उठून रस्त्याकडे चालू लागल्या होत्या. पलीकडे शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाचं मोठं दुकान होतं, मध्ये सहा पदरी रस्ता. सिग्नलमधला पांढरा माणूस जाऊन लाल हात यायच्या आत पलीकडे पोचायचं म्हणून आम्ही दोघी निऱ्या उचलून धावलो. माझ्या नव्या स्पोर्ट शूजची ती पहिली आणि शेवटची शर्यत.

काउंटरमागे छातीपर्यंत दाढी असलेला एक आडदांड गोरा होता. "व्हॉट आर यू गोइंग टु कट, मॅम?"

"ग्वाव्हा," मालतीताई म्हणाल्या.

त्यानं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "फ्रूट, फ्रूट," मी घाईनं म्हटलं.

त्यानं आधी काढला तो दातेरी पात्याचा. यानं दोरखंड तुटतो, गाडीचा पट्टा तुटतो, असं बरंच सांगितलं. मालतीताईंनी दात दुरून पाहिले. "ही तर करवत झाली. माझा पेरू काय दोरखंडानं बांधून ठेवलाय का जी? भरीत होईल त्याचं. आणि घरी धार कशी लावणार? याला सांगा, साधं पातं पाहिजे, सरळ धारेचं." मी सांगितलं. त्यानं सरळ पात्यांची रांग मांडली. मला त्यातला हरणाचं चित्र कोरलेला एक फार आवडला. कापायचं काय ते न बघता चित्र बघायचं, ही माझी जुनी खोड, रांगोळीच्या वेळेपासूनची. तो उघडायला पात्यावरच्या खाचेत नख घालून ओढावं लागे. "नख उरलंय कुठं आपल्याला?" म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. चकचकीत स्टीलचा हातातून निसटेल म्हणून तोही गेला. शेवटी राहिला हा नारिंगी, जाड, खरखरीत मुठीचा, प्लंबरकडे असावा तसा. पात्यावर एक बटण, अंगठ्यानं ढकललं की पातं उघडून खट् करून अडकतं.

तो माणूस चाकू हातात द्यायला लागला, तर त्या घेईनात. त्याला वाटलं, घाबरल्या. सुरी हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं, हे त्या दाढीला इंग्रजीत कसं समजवावं, माझी पंचाईत! मालतीताईंनी नुसतं काउंटरवर बोट ठेवलं. त्यानं चाकू तिथे ठेवला, मग त्यांनी उचलला. आणि मग त्यांनी जे केलं ते मला आजही बसू देत नाही. उजवा हात कोपरापासून काउंटरवर आडवा टाकला, मुठीत चाकू, धार वर आकाशाकडे, आणि अंगाचा सगळा भार त्या हातावर दिला. कापरा हात दबला, थांबला. डाव्या हातानं पर्समधून पेरू काढला. मेक्सिकन बाजारातला, पिवळा, लिंबाएवढा. बेचक्यात धरून वरून त्या धारेवर दाबला. विळीवर दाबतो तसा.

"मॅम, दॅट्स नॉट हाऊ…" तो म्हणेपर्यंत पेरूची दोन शकलं काउंटरवर पडली होती. जन्मभर विळीवर चिरत आलेली बाई. विळी हलत नाही, फळ हलतं. सुरी चालवायचा हात गेला होता, पण फळ धरायचा हात शाबूत होता. एवढं साधं गणित, आणि मी, गणिताची निवृत्त मास्तरीण, बाकावर बसून व्याख्यान देत होते! त्यांनी एक शकल दाढीपुढे सरकवलं. "घ्या जी, खाऊन पाहा." त्यानं खाल्लं, बियांसकट.

पंधरवडाभर आमची चोरी चालली. बागेतलं बाक, तिखट-मीठाची पुडी आणि पेरू. मग एका शनिवारी धुवायच्या कपड्यांत, त्यांच्या स्वेटरच्या खिशात, स्वातीला चाकू सापडला. ती तो मिटलेल्या मुठीत घेऊन आली. "आई, हे काय आहे? टाके विसरलीस? आणि अहो आई, तुम्हीसुद्धा? तुम्ही हिला अलाऊ कसं केलंत?" मी भिंतीकडे पाहिलं. मालतीताई वाद घालत बसल्या नाहीत. टेबलावरच्या टोपलीतला पेरू त्यांनी पुढ्यात घेतला, उजवा हात टेबलावर आडवा टाकला आणि तळवा उघडून वाट पाहू लागल्या. तो हात टेबलावर टकटक वाजत होता. स्वाती उभीच. मला वाटलं आता ही चाकू कचऱ्यात टाकणार, आणि बाई तिकीट बदलून परत जाणार. त्या तसं बोललेल्याही होत्या बाकावर, सशाच्या डब्याची फोड खायला पुन्हा येणार नाही म्हणून.

स्वातीनं चाकू आईच्या तळव्यात दिला नाही. टेबलावर ठेवला, मूठ आईकडे करून, आणि हात मागे घेतला. आईनंच शिकवलेली रीत. पेरूच्या चार फोडी झाल्या. मीरा पळत आली, "डू माइन टू, आजी!" दुसऱ्या दिवसापासून ससा कपाटात गेला. ठोकळा मात्र फ्रिजवरच राहिला… तेवढी तडजोड दोन्ही बाजूंना मान्य होती.

मग चार हिवाळे. हात खालावत गेला. शेवटच्या वर्षी अंगठ्यात बटण ढकलण्याचा जोर नव्हता. मी उघडून टेबलावर ठेवी, त्या उचलत. धार मीच लावायची, चिनी मातीच्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर, त्यांनी शिकवल्याप्रमाणे. "पुणेरी धार आहे जी, जपून," म्हणायच्या. गेल्या मार्चमध्ये निघताना चाकू खिडकीत ठेवला. मी म्हटलं, मोठ्या बॅगेत टाका की, तिथे चालतं. म्हणाल्या, "नागपुरात विळी आहे ना. हा इथंच राहू द्या. माझी जागा धरून ठेवेल."

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वातीनं स्टुलावर चढून सुऱ्यांचा ठोकळा खाली आणला, पुसला, ओट्यावर ठेवला. आता वर ठेवायचं कारण नव्हतं. संध्याकाळी पाहते तर ठोकळा परत फ्रिजवर. मला स्टुलावर चढवत नाही, म्हणून माझं सगळं या नारिंगी चाकूवरच चालतं.

परवा बाजारातून पेरू आणले. कपाच्या बुडावर धार लावली, चाकू उघडला, आणि सवयीनं टेबलाच्या पलीकडे ठेवला, मूठ त्यांच्या खुर्चीकडे करून. मग वाट पाहत उभी राहिले, इकडून तिकडे दोन फेऱ्या मारल्या… सुरी हातातून हातात देत नाहीत, ठेवावी लागते, आणि ठेवली की दुसऱ्यानं उचलावी लागते. कुणी उचलेना. शेवटी मीच टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, त्यांच्या खुर्चीत बसले, हात आडवा टाकला आणि चाकू उचलला.