रोसाची मुलगी

वैभवीला नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, पण फी भरायची कुठून, हा घोर तिच्या वडिलांना, नंदकिशोरना, लागला. शिल्लक बायकोच्या आजारपणात संपली होती आणि जपानमधल्या नोकरीचा करारही संपत आला होता. आशा उरली होती ती कावासाकी शहरातल्या एका संस्थेच्या शिष्यवृत्तीची. ती लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांसाठी होती. वैभवीची आई पेरूची, म्हणजे निम्मा वंश, आणि तेवढा पुरत होता. अट एकच राहिली होती. मुलीला लहानपणापासून ओळखतो, असं त्या समाजातल्या कोणीतरी सही करून द्यायला हवं होतं.

आई कधीमधी जायची त्या चर्चमध्ये रविवारी बापलेक गेले. मागच्या स्वयंपाकघरात अमेलिया-सान नावाची म्हातारी भात वाढत होती. सहीचं विचारलं की सगळे तिच्याकडेच बोट दाखवत होते.

"मी विद्याचा नवरा," नंदकिशोर जपानीत म्हणाले.

"विद्या? आमच्यात अशी कोणी नव्हती."

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने त्यांनीच ते नाव लिहिलं होतं. घरात पुढे दुसरं नाव कोणी उच्चारलंच नाही. वैभवी खाली बघत म्हणाली, "रोसा."

म्हातारीने पळी ठेवली. तिचा चेहरा उजळला. "रोसिता! कुठे आहे ती? किती वर्षांत आली नाही. मुलीला घेऊन येते, घेऊन येते म्हणायची. नवऱ्याला आवडत नाही म्हणायची."

नंदकिशोर म्हणाले, "ती गेली. चार वर्षं झाली."

"आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"अंत्यविधीला घरचेच होतो सगळे. आमच्या पद्धतीने केलं."

"आम्ही तिचे कोण होतो मग?"

नंदकिशोरनी सहीचा कागद पुढे सरकवला. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, म्हणाले. अमेलिया-सानने चष्मा लावून तो सावकाश वाचला.

"हिला मी आज पहिल्यांदा बघतेय. देवाच्या घरात खोटं कसं लिहू? रोसाबद्दल विचारा, हवं तेवढं लिहून देते."

"पण नियमात तसं नाही."

"मग माझ्या हातात काही नाही." तिने वैभवीचा हात धरला. "नाक तिचंच आहे."

कागद कोराच परत आला. स्टेशनवर वैभवीने ज्या कोंबिनीत ती अर्धवेळ काम करायची, त्या दुकानाच्या मॅनेजरला फोन लावला. एप्रिलपासून पूर्ण वेळ येईन, असं ती हळू आवाजात सांगत होती.

"आणखी कोणाला विचारू या," नंदकिशोर म्हणाले.

"कोणाला, बाबा? तुम्ही कोणाला येऊ दिलंत?"

गाडी आली. दोघं वेगवेगळ्या दारांनी आत चढले. बऱ्याच वेळाने ती जवळ येऊन उभी राहिली.

"पुढच्या रविवारी मी परत जाणार आहे. आईबद्दल विचारायला. तुम्ही येऊ नका."