मोटरीवर टेकलेला हात

उत्तमआप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोरीट रस्त्यावरच्या आमच्या चार्जिंग स्टेशनवर एका गाडीला वायर लावत होते. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत, त्यांचा मुलगा सांगत होता. खरं सांगते, डोळे भरून आले, पण त्याआधी हायसं वाटलं. माणूस हाल न होता गेला, आणि आमच्या दोघांत काही अढी उरली नव्हती… चार महिने आधी गेले असते, तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

आप्पा आमच्याकडचे जुने लायसनवाले वायरमन. त्यांची टेस्ट रिपोर्टवर सही झाली की वीजजोडणीचा अर्ज पुढे सरकायचा, म्हणून स्टेशन उभारताना मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. माझ्या प्लॉटला लागूनच शेतीची डीपी, म्हणजे विहिरींच्या मोटरींचा ट्रान्सफॉर्मर, होती. तिच्यावरच चार्जर जोडू, झालं काम, असं माझं सरळ डोकं. आप्पांनी चष्मा काढला. “या डीपीवर नऊ जनस्न्या मोटरा शेतस. तू इचारं का त्यासले?” विचारायचं काय त्यात, मी म्हटलं. “व्होल्टेज पडी, मोटरा थरथरतीन, मंग जळतीन. मी सही करस नई.” नोकरी सोडून या कामात उतरले होते, सामान येऊन पडलं होतं, माझं डोकंच फिरलं. “हाई नवं काम शे आप्पा, तुमले नई समजनार,” असं तोंडावर बोलून निघून आले. त्या बोलण्यानं मला आठ दिवस धड जेवू दिलं नाही.

नवव्या दिवशी आप्पांची मोपेड दारात. “चाल मन्हासंगे.” त्या डीपीवरच्या एकेका घरी नेलं, चहा प्यायले, बोलायला मात्र मलाच लावलं. लाजेनं मेले मी. शेवटचं घर हिरामणमामांचं. आदल्याच वर्षी त्यांची मोटर जळालेली. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, “मंग वायली डीपी लाव ना.” वेगळ्या डीपीचे खांब त्यांच्याच बांधावरून न्यावे लागणार होते. आप्पा कपात बघत बसले. थोड्या वेळानं मामाच म्हणाले, “मन्हा बांधवर उभा करा खांब.” तेव्हा कुठे कळलं, हे घर शेवटी का ठेवलं होतं ते. आठ घरचा चहा पिऊन झाल्यावर कोण नाही म्हणणार! लबाड म्हातारा.

वेगळी डीपी मंजूर होऊन उभी राहीपर्यंत आप्पांचं हृदय थकलं होतं. टेस्ट रिपोर्टवर सही केली ती खाटेवर बसून. ते चार्जर सुरू झालेला बघतील की नाही, हीच धास्ती. उद्घाटनाला मुलानं त्यांना आणलं खरं, पण नारळ फोडायच्या वेळी आप्पा गायब. सापडले मामांच्या विहिरीवर. चालू मोटरीवर उलटा हात टेकवून, डोळे मिटून बसलेले. तिकडे पहिली गाडी चार्ज होत होती.

“ठेव हात,” आप्पा मला म्हणाले. “मोटर थरथरस का?”

“नई.”

“आप्पा, त्या दिवशी मी बोलले ते…”

“मोटर ऐकू दे माले,” म्हणाले, आणि हसले.

आप्पा गेल्यापासून रोज सकाळी पहिली गाडी लागली की मी बांध ओलांडून त्या विहिरीवर जाते. गरज नाही, डीपी वेगळी आहे, मला ठाऊक आहे. तरी उलटा हात टेकवते. परवा मामा लांबूनच, पिकात वाकलेले, मान वर न करता म्हणाले, “थरथरस का वं?”

“नई, मामा.”

“मंग जाय. आप्पाले सांगस मी.”