साडेसहाचा हट्ट

आमचे साडू मराठवाड्यातले सर्वांत रागीट गृहस्थ आहेत. महाराष्ट्रातले म्हणालो असतो, पण विदर्भ मी फारसा फिरलेलो नाही. दिवसाचा पहिला राग ते दुधाच्या पिशवीवर काढतात, कारण ती सरळ कापली जात नाही. दुसरा वर्तमानपत्रावर. आंघोळीच्या पाण्यावरचा राग निघेपर्यंत गल्लीतल्या लोकांना कळतं की आठ वाजत आले. माझी थोरली मेहुणी या माणसाबरोबर इतकी वर्षं शांतपणे कशी राहिली, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "कुकर शिट्ट्या देतो म्हणून कुणी स्वयंपाक सोडतं का?"

पण हे झाले रोजचे किरकोळ राग. खरा, जपून ठेवलेला राग एकाच विषयासाठी होता : लांबच्या नेमबाजीला रायफल कोणती घ्यावी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी शहराबाहेरच्या नेमबाजी क्लबात जात आणि पालथं पडून, क्लबच्या लहान रायफलीनं पन्नास मीटरवरचा कागद फोडत. मन मात्र तीनशे मीटरवर असे. गाडी मी चालवायचो, त्यामुळं व्याख्यान मलाच ऐकावं लागे. नळीचं भोक जितकं मोठं तितकी रायफल चांगली, असं समजणारा माणूस त्यांच्या मते मतदानालाही नालायक. मोठी गोळी खांद्याला धक्का मोठा देते. माणूस चाप ओढायच्या आधीच धसकतो आणि नेम तिथंच जातो. बारीक, लांबट गोळी वाऱ्याला कमी दाद देते. म्हणून साडेसहा मिलिमीटर. "साडेसहा," ते म्हणायचे, आणि माझ्या चेहऱ्यावर पुरेसा आनंद दिसला नाही तर रेल्वे स्टेशन येईपर्यंत माझ्याशी बोलायचे नाहीत.

लासूर स्टेशनला एका लग्नात नवरदेवाचे मामा आपल्या परवान्याच्या बंदुकीचं कौतुक सांगत होते. लई दणका आहे, वाजली की शिवारातलं पाखरू उठतं, वगैरे. साडूंनी त्यांना विचारलं की शंभर पावलांवर नारळ ठेवला तर लागेल का. मामा म्हणाले, नारळाला कोण मारतंय, चार लोकांत वट राहते की. साडू भरल्या ताटावरून उठले. "वट पाहिजे तर बँड लावा," असं सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले आणि उपाशी गाडीत जाऊन बसले. मलाही उठावं लागलं. माझी जिलेबी राहिली ती राहिलीच.

त्यांचे क्लबातले हाडवैरी म्हणजे खानसाहेब. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले, देहानं दुप्पट, रागानं मात्र बरोबरीचे. क्लबला तीनशे मीटरसाठी एक रायफल घ्यायची मंजुरी मिळाली आणि कोणती घ्यायची यासाठी बैठक बसली. खानसाहेबांना थर्टी-झिरो-सिक्स हवी होती, म्हणजे साडेसहाहून मोठ्या भोकाची. आजमावलेली चीज आहे, काडतुसं मिळतात, आणि मर्दाच्या खांद्याला शोभते. मर्द हा शब्द निघाला आणि साडूंनी टेबलावर अशी मूठ आपटली की सगळ्यांचा चहा बशीत आला.

"खानसाहेब, आपल्याला कागदाला भोक पाडायचंय. दौलताबादचा किल्ला पाडायचा नाही."

खानसाहेब म्हणाले, "भाईसाब, तुम्ही तुमच्या खांद्यापुरतंच बघता."

यावर साडूंनी वारा, वजन, धक्का हे सगळं इतक्या संतापानं समजावलं की अध्यक्षांनी, मला वाटतं निव्वळ भीतीनं, साडेसहाला मत दिलं. बाकीच्यांनीही हात वर केले. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. खानसाहेब मला सांगत, मी साडूंना सांगे, साडू माझ्यावर ओरडत.

परवानग्या, आयात यांत रायफल यायला बराच काळ गेला. मधल्या दिवाळीत साडूंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू होता, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरवर, नर्सवर आणि हिरव्या पट्टीवर ते नेहमीसारखेच चिडले, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

रायफल आली. पहिल्या दिवशी सगळा क्लब जमला. पहिली गोळी साडूंनीच मारायची, हे न बोलता ठरलेलं होतं. ते म्हणाले, पोट बिघडलंय, खानला मारू द्या. आणि लांबचा कागद बघायच्या दुर्बिणीशी जाऊन बसले. खानसाहेब कुरकुरत आडवे झाले. पाच गोळ्या मारल्या. तीनशे मीटरवर पाचही भोकं एका बशीखाली झाकली जातील अशी पडली. ते उठले, कपडे झटकले आणि कितीतरी दिवसांनी थेट साडूंशी बोलले. म्हणाले, तुमचंच बरोबर होतं, आता या.

साडू हलले नाहीत. मग मात्र मीच चिडलो. एवढी वर्षं माझं डोकं खाल्लंत, जिलेबी सोडायला लावलीत, आणि आता पोट बिघडलं म्हणता?

ते माझ्यावर ओरडले नाहीत. दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाले, "मोतीबिंदू नव्हता. डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. चिकटवलाय. डॉक्टर म्हणतो, खांद्याला धक्का नको, परत सुटेल."

"हिचा धक्का तर कमीच आहे," खानसाहेब म्हणाले.

"एवढाही नको."

मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. खानसाहेब परत आडवे झाले. म्हणाले, बरं, मग हवा तरी सांगा. साडूंनी डाव्या डोळ्यानं बघत वारा सांगितला, डावीकडून आहे, जरा थांबा, आता मारा. खानसाहेबांनी मारली ती पार बाहेर गेली. आम्ही सगळे वाट बघत होतो. साडू हळूच म्हणाले, "असू द्या. परत मारा."

खानसाहेबांनी रायफल खाली ठेवली. मान वळवून म्हणाले, "असं मऊ नका बोलू, भाईसाब. माझा हात कापतो."

साडूंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग एक मोठा श्वास घेतला आणि खानसाहेबांचा श्वास, कोपर, कॉलेज आणि भूगोल यांवर जे तोंड सोडलं, ते उन्हं उतरेपर्यंत थांबलं नाही. खानसाहेब "हौ, हौ" म्हणत एकेक गोळी मधोमध घालत राहिले. तीनशे मीटरवर. साडूंना जिथं घालायची होती तिथं.