दोन शहरांचा पत्रा

आमच्या ह्यांनी तीस वर्षं उंच क्रेन चालवली. शहरातले निम्मे मनोरे ह्यांच्या हाताखालून गेले म्हणा ना. निवृत्त झाले आणि घरात माझ्या डब्यांच्या जागा बदलायला लागले. माझं डोकं उठलं. शेवटी मीच त्यांना चौकातल्या छापचित्रांच्या स्टुडिओत नेऊन सोडलं.

तिथल्या बाईंनी शिकवलं. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने चित्र कोरायचं, मग पत्रा अ‍ॅसिडमध्ये ठेवायचा. अ‍ॅसिड कोरलेल्या रेघा खातं, त्यांत शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. हे भलतेच रमले. स्टुडिओत कायमचं बसून काम करायला एकच टेबल रिकामं होतं, आणि वार्षिक प्रदर्शनात नवशिक्यांपैकी ज्याचं चित्र लागेल त्यालाच ते मिळणार होतं. ह्यांचा सगळा जीव त्या टेबलात अडकला.

तीन महिने खपून ह्यांनी नदीकाठची जुनी वस्ती आठवून कोरली. ती पाडून तिथे मनोरे उभे राहिले तेव्हा क्रेनवर हेच होते. पत्रा अ‍ॅसिडमध्ये गेला. बाई म्हणाल्या, मी सांगितलं की काढा, आणि फोन आला म्हणून बाहेर गेल्या. आता ह्यांची सवय काय, तर खालच्या माणसाने हात वर केल्याशिवाय वजन हलवायचं नाही. पाऊण तास पत्र्याकडे बघत उभे राहिले. बाई परत येईपर्यंत रेघा एकमेकींत मिसळून नुसता काळा चिखल झाला होता.

मी तोंड सोडलं. डोळ्यांदेखत सगळं वाया जात होतं तर हात नव्हते का, म्हटलं. त्या रात्री ते जेवलेही नाहीत. मग माझी मलाच लाज वाटली.

प्रदर्शनाला दहा दिवस उरले होते. आता पुढच्या वर्षी बघू, असं बाई म्हणाल्या. हे म्हणाले, "वस्ती पाडूनच मनोरे बांधले ना? तसंच करतो."

रोज सकाळपासून तोच पत्रा खरवडायचे, घासायचे. बोटांची सालटं निघाली. घासलेल्या जागी पुन्हा मेण देऊन मनोरे कोरले, वर क्रेन कोरली. या खेपेला समोर घड्याळ ठेवलं आणि कुणाची वाट न बघता पत्रा अ‍ॅसिडमधून बाहेर काढला.

छाप निघाला तेव्हा मी तिथेच होते. नव्या मनोऱ्यांमागे जुनी छपरं, जिने, दोरीवरचे कपडे फिकट फिकट दिसत होते. अ‍ॅसिडने खोल खाल्लेल्या रेघा इतकं घासूनही गेल्या नव्हत्या. बाईंनी छाप उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाल्या, "मला हे जमलं नसतं."

चित्र लागलं, तेही दारासमोरच्या भिंतीवर. एक म्हातारी काचेवर बोट ठेवून नातीला सांगत होती, "हा बघ आपला जिना." हे मात्र चित्र सोडून तिच्याकडेच बघत राहिले. बाईंनी भर गर्दीत जाहीर केलं, टेबल ह्यांचं. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की हेच कानाशी येऊन म्हणाले, "अगं, पुरे आता."

मी थांबले नाही.